हवेतलं फुकट खत आणि आमच्या पिकावरची कीड : एक खुलं पत्र

प्रति,
कृषी खात्यातले अधिकारी, कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ, आणि शेतकरी मेळाव्यात माइक हातात घेणारे सगळेच,

स.न.वि.वि.

साहेब, निफाड तालुक्यातला एक साधा द्राक्ष-कांदावाला लिहितोय, भाषा जरा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. विषय असा की आमच्याकडे एका मेळाव्यात स्टेजवरून एका वक्त्यांनी सांगितलं की कार्बन डायऑक्साइड वाढतोय म्हणून घाबरायचं काही कारण नाही, तो झाडाचं अन्न आहे, हवेतलं फुकट खत आहे, उत्पन्न वाढेल. टाळ्या पडल्या. आता ते वाक्य कापून त्याचा व्हिडिओ आमच्या बागायतदारांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि जो तो खाली अंगठा टाकतोय. खाली दोन ओळी लिहून हे उरकणार नव्हतं म्हणून हे पत्र.

वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. अर्धं आहे. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड रोजच्या रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दहा लाखात 315 च्या आसपास होता, 2013 ला त्याने पहिल्यांदा 400 ओलांडला आणि आता 425 च्या घरात आहे, आणि कारखाने यायच्या आधीच्या काळात तो 280 च्या जवळपास होता. म्हणजे आमच्या आजोबांच्या कांद्याने जी हवा घेतली ती आमचा कांदा घेत नाहीये. द्राक्ष, कांदा, सोयाबीन, गहू, टोमॅटो, इगतपुरीचा भात ही सगळी पिकं अशा जातीची आहेत की गॅस वाढला की त्यांचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, मका, बाजरी आणि ऊस यांना त्याचा फारसा फरक पडत नाही. हॉलंडमधे काचेच्या घरात टोमॅटोवाले मुद्दाम गॅस सोडून तो 800-1000 पर्यंत नेतात आणि त्यांना उत्पन्न मिळतंसुद्धा. पण तिथे ड्रिपमधून प्रत्येक ग्राम नायट्रोजन मोजून जातो आणि किड्याला आत यायला फारशी जागा ठेवलेली नसते. आमच्या बागेला भिंत नाही, छप्पर नाही, आणि शेजारच्या पडीक रानातून काय काय उडत येतं ते तुम्हाला माहितीच आहे. काचघरातला हिशेब उघड्या रानाला लावला की घोडं तिथेच पेंड खातं.

तर राहिलेलं अर्धं सांगतो. झाडाला कार्बन भरपूर मिळाला की ते साखर, स्टार्च, धागा हे जास्त बनवतं, पण जमिनीतून येणारा नायट्रोजन त्या मानाने वाढत नाही. त्यात अजून दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पानाची छिद्रं थोडी मिटलेली राहतात त्यामुळे पाणी कमी उडतं आणि पाण्याबरोबर मुळाकडे ओढलं जाणारं अन्नही कमी येतं, आणि दुसरं म्हणजे गॅस पकडणारं जे प्रथिन पानात सगळ्यात जास्त असतं, रुबिस्को, तेच झाडाला आता कमी असलं तरी पुरतं म्हणून झाड ते कमी बनवतं. पान मोठं दिसतं, जाड दिसतं, फोटोत एकदम झकास येतं, पण त्यातलं प्रथिन विरळ झालेलं असतं. वरणात पाणी वाढवलं की पोट भरायला दोन वाट्या जास्त लागतात, तसंच अळीचं होतं. अळीला साखर नकोय, तिला अंग वाढवायला प्रथिन पाहिजे, ते मिळेपर्यंत ती खात राहते.

ही माझ्या मनाची गोष्ट नाही, यावर जगभर भरपूर काम झालंय. 2007 साली स्टायलिंग आणि कॉर्नेलिसन या दोघांनी तोपर्यंतचे बरेच प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, त्यात वाढलेल्या गॅसमधे पानातला नायट्रोजन सरासरी 16 टक्क्यांनी घटला आणि पानं खाणाऱ्या किड्यांचा खाण्याचा वेग साधारण तेवढाच वाढला. आता प्रामाणिकपणे त्याच हिशेबातली दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर मी पण त्या स्टेजवरच्या वक्त्यांसारखाच अर्धं सांगणारा. किड्यांची वाढ मंदावली, कोष हलके भरले, आणि किड्यांची संख्या सरासरी 21 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे किडा कमी आणि कुपोषित, पण एकेक किडा जास्त खादाड. अळीचे दिवस लांबले की पक्षी, परजीवी माश्या यांना तिला गाठायला जास्त वेळ मिळतो हेही खरं. पण हे मित्रकिडे आमच्या बागेत शिल्लक राहिले असतील तर, आम्ही तर सगळ्यांना एकाच टाकीतून औषध पाजतो.

आपल्या देशातलं म्हणाल तर हैदराबादला कोरडवाहू शेतीची केंद्रीय संस्था आहे, क्रिडा, त्यांनी वरून उघड्या असलेल्या पारदर्शक कोठ्यांत 550 पर्यंत गॅस ठेवून एरंडी आणि भुईमूग वाढवला आणि त्याची पानं तंबाखूच्या अळीला, म्हणजे आपल्या स्पोडोप्टेराला खायला घातली. अळीने पानं जास्त खाल्ली आणि वाढायला वेळ जास्त घेतला. दिल्लीच्या पुसा संस्थेत भातावर हेच करून पाहिलं तर तपकिरी तुडतुडे उलट वाढले. तुडतुडा पान कुरतडत नाही, रस शोषतो, त्याचं गणित वेगळं. माव्याच्या बाबतीतही काही जाती वाढलेल्या गॅसमधे चांगल्या फोफावतात, काहींना काही फरक पडत नाही, आणि काही प्रयोगांत तर मावा एकमेकांना धोक्याचा जो वास देतो त्या वासाला तो नीट दादच देत नाही असंही दिसलंय. सरसकट एक नियम नाही, कीड बघून आणि पीक बघून बदलतं, आणि म्हणूनच 'फुकट खत' असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा प्रयोग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सोयाबीनच्या रानात झाला. उघड्या शेतात गोल पाईप टाकून, वारा बघून कॉम्प्युटरने गॅस सोडायचा आणि पिकाभोवतीची हवा 550 ला ठेवायची, ना काच ना प्लास्टिक. 2005 साली त्यांचं जे छापून आलं त्यात त्या वाढीव गॅसमधल्या सोयाबीनवर किड्यांनी केलेलं पानाचं नुकसान 57 टक्क्यांनी जास्त होतं. आता सोयाबीन म्हणजे डाळवर्गीय, मुळावरच्या गाठीत स्वतःचा नायट्रोजन बनवणारं, तिथे प्रथिन विरळ व्हायची भानगड कमीच असायला पाहिजे होती, मग किडा एवढा का वाढला? 2008 ला त्याचं उत्तर आलं. किडा चावला की झाड आतल्या आत एक बोंब मारतं, जॅस्मोनिक ॲसिड नावाचं संप्रेरक तयार होतं आणि त्यामुळे झाड असा पदार्थ बनवतं की किड्याच्या पोटात प्रथिन पचायलाच अडचण येते. वाढलेल्या गॅसमधे ही बोंबच बारीक झाली. सोयाबीनचा दरवाजा उघडा राहिला म्हणा ना, भुंगेरे आरामात बसून जेवले, जास्त दिवस जगले आणि अंडी पण जास्त घातली. निफाड, येवला, सिन्नर पट्ट्यात खरिपाला सोयाबीन किती लागतं हे तुमच्याच पेरणी अहवालात आहे.

आता आमच्या रोजच्या दुखण्यावर येतो, थ्रिप्स. तुम्ही लोक फुलकिडे म्हणता, आम्ही थ्रिप्सच म्हणतो. कांद्याची मधली दोन पानं जिथे एकमेकाला चिकटलेली असतात तिथे बोटाने हळूच फाकवून बघा, अगदी गळ्यात, पिवळसर, डोळे बारीक करून बघावी लागतील एवढी पिल्लं उभ्या रेघेत बसलेली असतात, उजेड पडला की खाली सरकतात. औषधाचा फवारा तिथपर्यंत जातच नाही, पातीवरून घरंगळून खाली, कांद्याच्या पातीला मेण असतं म्हणून स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवणारं द्रव, घालून मारावं लागतं. पांढऱ्या कागदावर रोप आपटलं की मोठे तपकिरी थ्रिप्स पळताना दिसतात पण गळ्यातली पिल्लं पडत नाहीत. आणि पातीवर ते चंदेरी ओरखडे, उन्हात चमकणारे, पुढे ते पांढुरके होतात आणि पात शेंड्याकडून वाळते.

तुमची शिफारस सांगते की एका रोपावर सरासरी 30 थ्रिप्स झाले की फवारा, त्याच्या आत फवारू नका. शिफारस चांगली आहे, मी ती पाळणाऱ्यांतला आहे, आमच्यातले निम्मे तर दुकानदार सांगेल त्या दिवशी मारतात. पण माझा प्रश्न असा की हा 30 चा आकडा कुठल्या हवेतल्या कांद्यावर काढलाय? अमेरिकेत थ्रिप्सची एक दुसरी जात पांढऱ्या क्लोव्हर गवतावर ठेवून प्रयोग झालाय, त्यात वाढलेल्या गॅसमधे थ्रिप्सची संख्या जवळपास तेवढीच राहिली, पण पानावरचे ओरखडे सुमारे 90 टक्के जास्त निघाले. साहेब परत वाचा, किडे तेवढेच, ओरखडे जवळजवळ दुप्पट. आता त्या गवताची वाढही जास्त झाली म्हणून एकूण न खाल्लेलं पान 15 टक्क्यांनी जास्तच उरलं, तो मुद्दा मी लपवत नाही, गवतवाल्याचं भागलं. पण कांद्याला तसं भागत नाही, ओरखडलेली पात कांदा पोसत नाही, आणि लासलगावला व्यापारी ट्रॉलीतला कांदा बघून भाव लावतो, शिवारात पात किती उरली होती ते विचारत नाही. कांद्यावर नेमकं असंच होईल असं मी छातीठोक सांगत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की आपलं सगळं कीड सर्वेक्षण डोकी मोजण्यावर उभं आहे, आणि डोकी तेवढीच राहून नुकसान वाढू शकतं हे एकदा दिसलेलं असताना आपण फक्त डोकीच मोजत बसलोय.

यातून अजून एक घोळ होतो तो खताचा. पान फिकट दिसलं किंवा देठ परीक्षणात, म्हणजे पानाचा देठ लॅबमधे तपासल्यावर, नायट्रोजन कमी आला की आमचा माणूस पहिलं काय करतो, युरिया. दुकानात पण तेच सांगतात, 'नत्र कमी पडलंय दादा, एक हप्ता वाढवा'. मग ते पान लुसलुशीत होतं आणि थ्रिप्स, मावा, तुडतुडे, मिलीबग सगळ्यांची चंगळ, रसात नायट्रोजन वाढला की रस शोषणाऱ्या किडी वाढतात हे तुम्हीच आम्हाला चर्चासत्रात शिकवलंय. म्हणजे हवेने पातळ केलेलं पान आम्ही युरियाने घट्ट करायला जायचं आणि अळीऐवजी थ्रिप्सला जेवायला बसवायचं. नायट्रोजनच्या शिफारशी करताना हा मुद्दा कुणी धरतंय का, आमच्यापर्यंत तरी आलेला नाही.

द्राक्षाचं दुखणं वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात थ्रिप्स आला की मण्यावर करड्या रंगाचे डाग, तो माल एक्स्पोर्टला बाद. मिलीबग तर खोडाच्या सुटलेल्या सालीखाली कापसासारखा बसलेला असतो, साल सोलली की दिसतो, आणि मुंग्या खोडावर वरखाली करत असल्या की समजायचं हा आत आहे, मणी पाणी धरायला लागले की हा घडात शिरतो आणि घड चिकट काळा. शेवटच्या टप्प्यात मारायला औषध राहत नाही कारण युरोपची रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची मर्यादा. 2010 ला क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती तेव्हा या जिल्ह्याची काय गत झाली ते तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, ते तर कीडनाशकसुद्धा नव्हतं, वाढ रोखायचं औषध होतं. सांगायचा मुद्दा, आमच्याकडे चुकायला जागा कमी आहे. किडा थोडा जास्त खातो म्हणून एक फवारणी वाढवू असं बाकीच्या पिकात चालून जात असेल, इथे ती एक फवारणी काढणीच्या किती दिवस आधी आली त्यावर अख्खा कंटेनर ठरतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो नाहीतर उद्या लोक म्हणतील हा गडी प्रत्येक अळीचं खापर गॅसवर फोडतोय. मक्यावरची लष्करी अळी 2018 ला देशात आली ती बाहेरून आली, टोमॅटोची टुटा अळी 2014 ला तशीच आली, त्यात हवेतल्या गॅसचा संबंध लावायची गरज नाही. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला पचवायला शिकली ते आपल्याच कर्माने. (बीटीवरून आठवलं, वाढलेल्या गॅसमधे कपाशीच्या पानातलं बीटीचं विष कमी भरतं असं प्रयोगांत दिसलंय, कारण ते विष पण शेवटी प्रथिनच, मालेगावकडच्या कपाशीवाल्यांना हे कुणीतरी सांगा.) आणि तापमान हा तर वेगळाच राक्षस आहे, 2018 ला 'सायन्स'मधे जो अंदाज आला त्यात गहू, भात, मका यांचं किडीमुळे होणारं नुकसान दर एक डिग्रीला 10 ते 25 टक्क्यांनी वाढेल असं होतं. उष्णता किड्याची भूक आणि पिढ्या वाढवते, गॅस पानाचा कस बदलतो, आणि रानात दोन्ही एकदमच येतात, वर आमच्याकडे अवकाळी आहेच. प्रयोगशाळेत वेगळं काढता येतं, आम्हाला वेगळं काढता येत नाही.

आणि सगळे किडे शत्रू नाहीत हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेत गोल्डनरॉड नावाच्या रानफुलाचे 1842 पासून जपून ठेवलेले नमुने तपासले तर परागातलं प्रथिन सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं सापडलं, आणि मधमाश्या थंडीआधी त्याच परागावर जगतात. कांद्याचं बी धरणारे आमचे लोक डेंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांवर, मधमाशी येत नाही म्हणून दरवर्षी ओरडतात. त्याची कारणं बरीच असतील, औषधं पहिल्या नंबरवर, पण हे एक बघायला काय हरकत आहे.

आता तुमच्याकडून काय पाहिजे ते. नवीन योजना, नवीन ॲप, फीत कापणं असलं काही नकोय. 2008 ला विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर स्पोडोप्टेराने हाहाकार केला त्यानंतर आपल्या राज्याने क्रॉपसॅप सुरू केलं, पोरं शेतात जाऊन किडी मोजतात, आकडे वर जातात, सल्ला खाली येतो. चांगली गोष्ट आहे, खरंच. त्याच फॉर्मवर दोन रकाने वाढवा. एक, किडे किती याबरोबर पान किती खाल्लं किंवा किती ओरखडलं, शेकड्यात. दोन, निवडक ठिकाणी तरी त्याच पानातला नायट्रोजन. दुसरा रकाना महाग पडेल म्हणाल, तर आमच्या द्राक्षवाल्यांकडे तो आयता पडलाय. खरड छाटणीनंतर दीड महिन्याने आणि नंतर फुलोऱ्यात आम्ही देठ तपासून घेतो, वर्षानुवर्षं, स्वतःच्या पैशाने, रिपोर्ट फाईलला लावलेले असतात आणि लॅबच्या कॉम्प्युटरमधे तर सगळ्याच बागांचे असतात. कुणी आजपर्यंत ते रिपोर्ट आणि त्याच बागेतली फवारणीची वही शेजारी ठेवून बघितलीय का? एक्स्पोर्टच्या नोंदणीसाठी फवारणीची वही ठेवावीच लागते, तारखेसकट. पानाचा कस एका फायलीत, किडीचा त्रास दुसऱ्या फायलीत, दोन्ही एकाच कपाटात. तुमच्या एखाद्या एमएस्सीच्या पोराला थीसिसला विषय पाहिजे असेल तर घ्या.

दुसरी मागणी जरा खर्चाची आहे. पिंपळगाव बसवंतला विद्यापीठाचं कांदा-द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्याच्याइतकी योग्य जागा नाही. हैदराबादला आहेत तशा उघड्या डोक्याच्या दोनचार कोठ्या तिथे उभ्या करा, निम्म्यात आजची हवा, निम्म्यात 550, आणि त्यात रांगडा कांदा आणि त्यावर आपला थ्रिप्स. एरंडीवर झालं, भातावर झालं, कांद्याचं काम ज्या जिल्ह्यात कांदा आहे तिथे व्हावं ही काही जास्तीची अपेक्षा नाही. द्राक्षाचं म्हणाल तर जर्मनीत गाइझेनहाइमला लोकांनी चालू बागेत पाईप लावून रीसलिंग आणि कॅबर्नेवर हे कधीच सुरू केलंय, त्यांच्याकडच्या द्राक्षाच्या पतंगाची अळी वेलीवर सोडून वेलीची आतली बोंब बदलते का तेही तपासलंय आणि ती बदलते. आमचा वेल थॉमसन, खुंट डॉगरिज, कीड मिलीबग, त्यांचे निष्कर्ष आम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. हे काम इथेच करावं लागेल आणि निकाल यायला चार-पाच हंगाम जातील हे मान्य आहे, म्हणूनच आता सुरू करा म्हणतोय.

आणि तिसरं, बिनपैशाचं. मेळाव्यात 'फुकट खत' हे वाक्य पुढच्या वेळी आलं तर त्याच स्टेजवरून लगेच पुढचं वाक्यही सांगा की पान वाढेल पण कस उतरेल, अळी जास्त खाईल, आणि फिकट पान बघून युरियाची गोणी उचलायच्या आधी पातीचा गळा फाकवून बघा. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. टाळ्या कमी पडतील.

माझ्या बागेचे देठाचे जुने रिपोर्ट आणि फवारणीच्या वह्या मी द्यायला तयार आहे, आमच्या गटातले बाकीचे पण देतील, मी विचारलंय. पुढची छाटणी सुरू व्हायच्या आत कुणी येणार असेल तर बरं, एकदा कात्री लागली की महिनाभर आम्हाला जेवायला फुरसत नसते. कांद्याचा एक वाफा पण सोडून ठेवतो, त्याच्यावर 30 चा आकडा ओलांडेपर्यंत औषध मारणार नाही, येऊन मोजा, आणि मोजताना ओरखडे पण मोजा.

कळावे,
आपला,
एक द्राक्ष-कांदा बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक